फुगलेल्या कटल्याचं वजन

हुक्केरीकडच्या एका शेततळ्यात पहाटे कटला जातीचे मासे मेले. कारण उघड होतं. आभाळ सलग भरलेलं, पाणी शेवाळानं हिरवंगार, आणि खाद्य मात्र रोजच्याइतकंच पडत होतं. ऊन नसलं की शेवाळ प्राणवायू देत नाही, रात्री उलट ओढून घेतं. दिवस उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो आणि मोठे मासे आधी जातात.

खरी अडचण पुढं आली. विम्याचे सर्व्हेअर पोचेपर्यंत मेलेले मासे चुना टाकून पुरले होते. वास सुटल्यावर कोण थांबणार? वजन ठरवायला उरली होती फक्त मालकांच्या लेकीची, मेलेले मासे मोजून लिहिलेली वही.

त्या पोरीला मानलं. टेप पोटावरून वाकवत न नेता तिनं मासा फळीवर आडवा ठेवून, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ लांबी घेतली होती. पदवीवाल्यांनाही हे रोज सांगावं लागतं. 50 सेंमीच्या माशाला वाकड्या टेपनं 2 सेंमी जास्त आले तर वजन 12 टक्क्यांनी फुगतं, कारण ते लांबीच्या घनानं वाढतं. तिनं घेरही लिहिला होता.

सर्व्हेअरसाहेबांनी मोबाईलवर सूत्र काढलं: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 800. पहिला कटला, लांबी 50, घेर 40. उत्तर 100 पौंड. म्हणजे 45 किलो! सूत्र इंचांचं आणि घातले सेंटीमीटर. सकाळपासून गप्प असलेले मालकसुद्धा हसले. सेंटीमीटर-ग्रॅमसाठी 800 च्या जागी साधारण 29 घ्यावे लागतात. मग तोच मासा 2,760 ग्रॅमचा होतो.

मला तेही पटेना. मेलेल्या माशाच्या पोटात वायू साठतो. घेर वाढतो, वजन नाही. त्यात सूत्रात घेराचाच वर्ग. मी म्हटलं, घेराचा रकाना सोडा.

"सर, फुगला तरी मासा माझाच न्हवं? फुगलेलाच धरा की ओ."

मग जगलेले थोडे कटले जाळ्यानं काढले. सगळे 40 सेंमीच्या आसपास. काट्यावर सरासरी 985 ग्रॅम. वजनाला लांबीच्या घनानं भागून 100 नं गुणलं: 1.54. कटल्याचं डोकं मोठं, अंग रुंद, म्हणून हा आकडा रोहूपेक्षा जास्त येतो. सगळ्या माशांना एकच तक्ता लावणाऱ्या साहेबांपुढं हे बोलून माझा घसा कोरडा पडलाय. या हिशेबानं 50 सेंमीचा कटला 1,925 ग्रॅमचा. सर्व्हेअरनी मान्य केलं, कन्नडात पंचनामा झाला, मालकांनी सही केली. चहाला मात्र थांबा म्हणाले नाहीत.

वहीतले मोठे मासे 60 सेंमीचे. 1.54 नं प्रत्येकी 3,326 ग्रॅम. पण वजन नेमकं घनानंच वाढतं असं नाही. वाढता वाढता कटला रुंदावत असेल आणि लांबीचा घात 3 ऐवजी 3.1 असेल, तर तोच मासा 3,460 च्या वर जातो. ते दाखवायला मोठा मासा काट्यावर हवा होता, आणि मोठे सगळे खड्ड्यात. म्हणून कागदावर मी 3 च ठेवला.

याच तळ्यातले मोठे कटले मागं संकेश्वरच्या बाजारात गेले होते. त्या पावत्या मागवून पाहिल्या. वजन आहे, दर आहे, लांबी कुणीच लिहिलेली नाही.