बाई, ती बिट्टी असंल

मे महिन्यातला मंगळवार, सकाळी सातपासून आम्ही टेम्पोत कण्हेर भरत होतो. सहाशे पिशव्या, सगळी सिंगल गुलाबी (एकेरी पाकळ्यांची), हायवेच्या डिव्हायडरला लावायला. डिव्हायडरला कण्हेरच का, तर गुरं तोंड लावत नाहीत, टँकर चार दिवस उशिरा आला तरी मरत नाही, धूर धूळ सगळं सोसते आणि वर कितीही छाटा, परत फुटते. आमच्या नर्सरीचा निम्मा धंदा हिच्यावरच चालतो, पण खरं सांगायचं तर सहाशे पिशव्या उचलून झाल्या की त्या गुलाबी फुलाकडं बघावंसं वाटत नाही.

माझा जीव वेगळ्या कण्हेरींवर. पन्हाळ्याच्या वाटेवर एका बंगल्याच्या कंपाऊंडात केशरट गुलाबी सापडलेली, मालकांना चार मोगऱ्याची रोपं देऊन फांदी आणली. पानांना पांढरट पिवळी कड असलेली एक आहे, ती लई नखऱ्याची, मधूनच पूर्ण हिरवा फुटवा काढते आणि तो वेळेत मोडला नाही तर हिरवा भाग जोर करतो आणि सगळं झाडच साधं होऊन बसतं. अशा अकरा जमल्या होत्या. एकच नव्हती, पिवळी. म्हणजे खरी कण्हेर, पिवळ्या फुलाची.

आता कुणीही म्हणेल पिवळी कण्हेर काय, गल्लोगल्ली आहे की. ती बिट्टी हो. घंटेसारखं पिवळं फूल, लहानपणी जिच्या बियांनी आम्ही खेळायचो (ते पण विषच, आमच्या आयांना माहीत नव्हतं म्हणून बरं). बिट्टी कण्हेरीच्याच कुळातली, पण जात वेगळी, मूळची मेक्सिकोकडची. खऱ्या कण्हेरीत पिवळा रंग असतो पण फिक्का, लोण्यासारखा, आणि आपल्याकडं तो क्वचित बघायला मिळतो. त्यामुळं वर्षातनं दोन-तीन फोन यायचे की आमच्याकडं पिवळी हाय, या बघायला, मी गाडी काढून जायचो आणि दारात बिट्टी.

त्या दिवशी साडेनऊला फोन आला तो बाईंचा. मला सातवीला शिकवायला होत्या, आता रिटायर होऊन पण बरीच वर्षं झाली, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतात.

"अरे, आमच्या मागचा वाडा पाडायलेत. तिथं पिवळी कण्हेर हाय, ये लगेच."

मी म्हटलं, "बाई, ती बिट्टी असंल."

"बिट्टी मला कळत न्हाई व्हय रे? बिट्टीची पानं एकेक येत्यात फांदीवर. हिची तीन-तीन हायत. मोजून फोन केलाय तुला."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. कारण हीच खूण. कण्हेरीच्या फांदीवर एका पेराला तीन पानं चक्राकार येतात, शेंडा छाटला तर फुटवे पण बऱ्याचदा तीनच निघतात. ज्या बाईनं हे मोजलं तिला बिट्टी म्हणायची माझी छाती नव्हती. पोरांना म्हटलं तुम्ही टेम्पो भरा, मी आलोच. बादली, सिकेटर (छाटणीची कात्री), ओलं गोणपाट, रबरी हातमोजे घेतले आणि निघालो.

पोचलो तर झाड आडवं. आदल्या संध्याकाळीच जेसीबीनं मागची भिंत पाडताना मुळासकट उपटलेलं, रात्रभर तसंच विटामातीत पडलेलं. दहा-बारा फूट तरी असणार. पानं माना टाकून, वर चुन्याची धूळ. आणि पुढं जे दिसलं त्यानं पोटात गोळाच आला. कामावरच्या दोन बायकांनी तीन विटांची चूल मांडलेली, वर चहाचं पातेलं, आणि एक मावशी त्याच झाडाच्या वाळक्या काटक्या मोडून चुलीत सारायच्या बेतात.

मी लांबनंच ओरडलो, "मावशी, थांबा! ते जाळू नका!"

सगळे बघायला लागले की ह्याला काय झालं. मग सांगितलं की कण्हेर आहे, हिचं पान, फूल, फांदी, मूळ, सगळं विष, थेट हृदयावर काम करणारं, वाळली तरी विष जात नाही आणि धूर पण छातीत जाऊ द्यायचा नाही. मुकादम हसला, म्हणाला, "एवढं फुलाचं झाड, विष कसलं, देवाला वाहतोय की आम्ही." पण मावशी शहाणी निघाली. हातातली काटकी टाकून म्हणाली, "शेळी खाईत न्हाई हिला, खरंय." आणि पदराला हात पुसायला लागली, तर मी म्हटलं पदराला नको, साबणानं धुवा. बाईंनी खिडकीतनं साबणाची वडी फेकली.

मुकादमानं मला दहा मिनिटं दिली. डंपर यायचा होता.

फूल कुठं दिसेना. पण एक गोष्ट लगेच दिसली, फांद्यांच्या टोकाला वाळलेली तपकिरी फुलं तशीच चिकटून होती. साध्या सिंगल कण्हेरीचं फूल सुकलं की गळून पडतं, भरगच्च डबल असली तर फूल फांदीवरच वाळतं, घाण दिसतं, म्हणून बऱ्याच लोकांना डबल आवडत नाही. मला त्या घाणीनं एवढा आनंद कधी झाला नव्हता. खाली वाकून फांद्या उलट्या करत गेलो तर अगदी जमिनीला टेकलेल्या फांदीवर एक घोस शिल्लक, धुळीनं माखलेला. फुंकर मारली. आत लोण्याचा रंग, मधोमध जरा गडद, आणि फुलातनं दुसरं फूल निघाल्यासारख्या पाकळ्या. वास घेतला तर गुळचट मंद वास, रात्रभर मरत पडलेल्या झाडाला.

पहिला फोटो काढला, मग कापायला बसलो. इथं घाई झाली तर सगळं जातं. अगदी कोवळा शेंडा घेऊन उपयोग नाही, सडतो, आणि जुनाट लाकूड लवकर मुळं धरत नाही, मधली पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, वीतभर, खालचा काप पेराच्या लगेच खाली. कळ्या फुलं काढून टाकायची, खालची पानं काढायची, वरची अर्धी कातरायची म्हणजे पाणी कमी उडतं. हे खरं तर घरी सावलीत करायचं काम, पण झाड आधीच तहानलेलं, म्हणून कापलं की बादलीत, कापलं की बादलीत. शेंगा होत्या दोन-तीन, त्या नाही घेतल्या, कारण बीपासून उगवलेली कण्हेर आईसारखी निघेलच याचा भरवसा नाही. ही जात पुढं न्यायची तर फांदीच पाहिजे. त्रेचाळीस काड्या झाल्या आणि डंपरचा हॉर्न वाजला.

वाड्याच्या आजी बाईंच्या कट्ट्यावर बसून सगळं बघत होत्या. मी विचारलं, आजी, ही आणली कुठनं? म्हणाल्या, "सासूबाईंनी लावलेली. त्यांनी कुणाकडनं तरी फाटा आणला असंल, तवा काय इकत घेत व्हते व्हय झाडं." नाव काय म्हणायचे? "नाव कशाला? कण्हेर." मग थोड्या वेळानं, "आता आम्ही फ्लॅटात जाणार. बाल्कनीत येतीय का रे ही?" मी म्हटलं येते की, मोठ्या कुंडीत, ऊन पाहिजे फक्त. एक रोप तुमचं.

आता माझी चूक. एकतीस काड्या वाळू-कोकोपीटच्या पिशव्यांत लावल्या, प्रत्येक पिशवीवर मार्करनं 'पिवळी' लिहिलं आणि क्रेट शेडनेटखाली ठेवले. शेजारीच पोरांनी पुढच्या वर्षीच्या डिव्हायडरसाठी गुलाबीच्या दोनशे काड्या लावलेल्या. उरलेल्या बारा काड्या घरी बाटल्यांत पाण्यात ठेवल्या, कण्हेर पाण्यात पण मुळं धरते, फक्त दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. घरात लहान पोरगं, त्यामुळं बायकोनं बाटल्या कपाटावर चढवल्या आणि प्रत्येकीवर लाल नेलपॉलिशनं फुली मारली, वर मला सुनावलं की एवढं विष घरात आणलंस, निदान ओळखू तरी येऊ दे.

दहा दिवसांनी वळीव आला, गारांसकट. शेडनेट उडालं, क्रेट उलटे. मी पोचेपर्यंत आमच्या गड्यानं बिचाऱ्यानं सगळ्या पिशव्या उचलून छान ओळीनं लावून ठेवलेल्या. गुलाबी पिवळी सगळी एकत्र. मार्करची शाई उन्हानं आधीच पुसटलेली, राहिलेली पावसानं नेली. पानं सगळ्यांची सारखी. मी नुसता उभा राहिलो, ओरडायचं तरी कुणावर, लेबल माझंच होतं.

वाचवलं ते बाटल्यांनी. दोन-अडीच आठवड्यांत काडीच्या सालीवर पांढरे दाणे फुटले, त्यातनं मुळं निघाली. बारातल्या सात काड्यांनी मुळं धरली, कुंडीत लावल्यावर पाच जगल्या. नेलपॉलिशची फुली बाटलीवरनं एवढंसुद्धा हलली नाही. तेव्हापासून नर्सरीत लेबलं नेलपॉलिशनं होतात, दुकानदाराला वाटतं मला चार पोरी आहेत.

त्या काळात रात्री फोटो शोधत बसायचो. कण्हेरीसाठी वेडं असलेलं एक अख्खं गाव आहे, अमेरिकेत टेक्सासला, गॅल्व्हेस्टन. १८४१ मध्ये ऑस्टरमन नावाच्या व्यापाऱ्यानं जमैकाहून कण्हेर आणली, त्याच्या बायकोच्या बहिणीनं ती वाढवली आणि गावभर झाली, १९६७ मध्ये तिथं कण्हेरीची सोसायटी पण निघाली. त्यांच्याकडं मॅथिल्ड फेरिए म्हणून डबल पिवळी आहे, आयल ऑफ कॅप्री म्हणून सिंगल फिक्की पिवळी आहे. माझी पहिलीसारखी दिसते, पण फोटो बघून नाव चिकटवणं मला पटत नाही, सावलीत काढला की वेगळा रंग, उन्हात वेगळा. पाटीवर मी 'वाड्यातली' एवढंच लिहितो. आणि गंमत बघा, संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात, आमचा तालुका करवीर, अंबाबाई करवीरनिवासिनी, आणि ह्या करवीरात कुठल्याही नर्सरीत जावा, चार-पाच रंगांच्या पुढं गाडी जात नाही. गावाचं नाव झाडावरनं पडलं का, हा वाद कट्ट्यावर काढू नका, संध्याकाळ जाते.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिली कुंडी फुलली आणि मी ती घेऊन आजींच्या फ्लॅटवर गेलो. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, दुपारनंतर सावली. बाईपण आल्या होत्या. आजींनी फूल हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "ही न्हवं. आमची एवढी पिवळी नव्हती."

माझं तोंड उतरलं. मग बाईंनीच विचारलं, "ती दिवसभर उन्हात होती न्हवं?" वाड्याच्या मागं आडोसा काही नव्हता, मे महिन्याच्या उन्हात फिक्का पिवळा उडून पांढरटच दिसत असणार. माझा अंदाज पण तोच. आजींनी वास घेतला, मान हलवली आणि म्हणाल्या ठेव इथं. पटलं की नाही काही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला.

राहिल्या त्या मिसळलेल्या पिशव्या. दीडशे तरी जगल्या असतील. गड्याला बजावलं होतं, ह्यातली एकही विकायची नाही, फूल दिसल्याशिवाय हलवायची नाही. जूनमध्ये मी दोन दिवस इचलकरंजीला लग्नाला गेलो, तेवढ्यात डिव्हायडरचा दुसरा लॉट न्यायला टेम्पो आला, माल कमी पडला आणि गड्यानं त्यातल्या नव्वद पिशव्या भरून दिल्या. उरलेल्यात चार पिवळ्या निघाल्या. म्हणजे हायवेच्या डिव्हायडरवर कुठंतरी गुलाबी रांगेत अजून काही वाड्यातल्या उभ्या आहेत.

आता कागलकडं जाताना माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या घालून जातात, बायको म्हणते पुढं बघ. पिवळं काही दिसलं की गाडी कडेला घेतो. आजवर तीनदा थांबलो, तिन्ही वेळा बिट्टी.