ग्रिनेलच्या जुन्या फोटोंचं खोकं लावताना

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन या राजधानीपासून पूर्वेला, गाडीने तासाभरावर ग्रिनेल आहे. वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास, एक नावाजलेलं कॉलेज, आणि गाव संपलं की मका आणि सोयाबीन. कॉलेजच्या आवारामधूनच रूळ गेलेत; मालगाडी आली की वर्गाला निघालेली पोरं मुकाट्याने थांबतात. अशा गावात नवीन माणसाने ओळखी करायच्या तर लायब्ररीत जावं. मी गेले, आणि फोटोंच्या खोक्यात अडकले.

एका जुन्या कुटुंबाने आजोबांच्या घरातलं खोकं लायब्ररीला दिलं होतं. फोटो स्कॅन करून, नोंदी करून लावायचे होते. मला वाटलं स्कॅनर आहे, मी आहे, दोन-चार शनिवारांचं काम. प्रत्यक्षात स्कॅनिंग हा त्यातला किरकोळ भाग निघाला.

पहिल्याच दिवशी मी हातमोजे मागितले. तिथल्या बाई म्हणाल्या, कागदी फोटोंना नकोत, हात धुऊन कोरडे करून ये. सुती मोज्यांनी पकड जाते आणि कडा दुमडतात. निगेटिव्हना मात्र नायट्राइलचे मोजे हवेतच, बोटांचा तेलकटपणा कायमचा उमटतो. काही निगेटिव्हच्या पाकिटांतून व्हिनेगरचा भपकारा येत होता. ॲसिटेट फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो, म्हणून ती पाकिटं आधी बाजूला काढली. फोटोमागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, तेही फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचं नावही काढायचं नाही.

सगळ्यात जिवावर आलं ते एका अल्बमचं. चिकट पानांवर प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम साधारण सत्तरच्या दशकात घरोघरी आले, आणि कुणीतरी हौसेने शंभर वर्षांपूर्वीचे फोटो त्यात डकवले होते. नखाने उचलायला गेलं की फोटो फाटतो. त्यावरचा उपाय म्हणजे दात साफ करायचा धागा, मेण न लावलेला. फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवायचा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा, पण अगदी हळू पुढेमागे ओढत न्यायचा. मध्येच डिंक घट्ट लागला की थांबायचं, दुसऱ्या कोपऱ्याने यायचं. एकेका पानाला अर्धी दुपार जायची. जो फोटो निघतच नाही तो पानासकट स्कॅन करायचा. हट्ट धरायचा नाही.

मग तारखा. इथे मला खरा रस आला. फोटो कधीचा हे फोटोतली माणसं क्वचितच सांगतात, कारण छान कपडे घालून सरळ उभं राहणं हे सगळ्या काळात सारखंच. सांगतात त्या कडेच्या गोष्टी. पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर मागे बघायचं. मधोमध उभी रेघ असेल तर ते १९०७ नंतरचं, कारण त्याआधी अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी नव्हती. तिकीट लावायच्या चौकटीत 'एझो' हा कागदाचा छाप असेल आणि कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर असतील, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. झेंडा दिसला तर भिंगाने तारे मोजायचे. ४८ तारे १९१२ पासून. कॉलेजच्या पोरांच्या हातातल्या पताकेवर 'आयोवा कॉलेज' असेल तर १९०९ च्या आधीचा काळ धरायचा, कारण ग्रिनेल कॉलेज हे नाव अधिकृतपणे तेव्हाच आलं.

इमारतींसाठी सॅनबॉर्नचे नकाशे. आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढलेले हे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघता येतात. आपल्याकडच्या सिटी सर्व्हेच्या नकाशाला रंग दिला तर जसा दिसेल तसे: विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडाचं पिवळं, दगडाचं निळं. ग्रिनेलच्या बाजारपेठेला ते फार उपयोगी पडतात, कारण १८८९ च्या आगीत तिचा बराच भाग जळाला आणि मग विटांची नवी दुकानं आली. फोटोत लाकडी दुकानांची सलग रांग दिसली की आधी आगीपूर्वीचा संशय घ्यायचा. दारूच्या गुत्त्याची पाटी मात्र शोधू नये. १८५४ मध्ये गाव वसवणाऱ्या जोसाया ग्रिनेल या पाद्र्याने जमिनीच्या खरेदीखतातच दारूविक्रीला बंदी घातली होती!

खोक्यात सर्वाधिक जपलेले फोटो होते १८८२ च्या वादळाचे. १७ जूनच्या रात्री आलेल्या त्या चक्रीवादळाने गावातली तीसचाळीस माणसं गेली आणि कॉलेजच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. दोन चित्रं शेजारी शेजारी असलेली, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायची जाड कार्डं त्या काळी विकली जात; उद्ध्वस्त गाव हाही विकायचा माल होता. एका कार्डावर छप्पर नाही, भिंती नाहीत, आणि ढिगाऱ्यावर टोप्या घातलेले पुरुष रांगेत उभे. मला ते आधी विचित्र वाटलं. भिंगातून पाहिलं तर कडेच्या एकाच्या हातात कुदळ. म्हणजे काम चालू होतं, फोटोपुरतं थांबले असणार. या पडझडीनंतरच गुडनाऊ हॉलसारखी गुलाबी दगडाची इमारत १८८५ मध्ये उभी राहिली. ती आजही आहे, त्यामुळे मागे ती दिसली की फोटोग्राफर कुठे उभा होता हे चालत जाऊन ठरवता येतं. माझ्या मते हे काम खुर्चीत बसून करूच नये.

आणि एक फोटो, ज्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. चौथ्या ॲव्हेन्यूवर बाजाराचा दिवस, घोडागाड्या आणि मोटारी एकत्र, आणि मागे ठसठशीत शाईत '१९१०'. पण कोपऱ्यावर विटांचा चौकोनी ठोकळा आणि दारावर मोठ्या गोल खिडकीभोवती टेराकोटाचं एकात एक गुंतलेलं नक्षीकाम. ती लुई सलिव्हन या वास्तुविशारदाची मर्चंट्स नॅशनल बँक. ती १९१४ मध्ये बांधली गेली. मागे तिकिटाच्या चौकटीत 'एझो'चे त्रिकोण चारही वर. म्हणजे १९१० शक्यच नाही; अंदाजे १९१५ ते १९१८. मोटारींपैकी एखादी स्पॉल्डिंग असावी असा माझा कयास होता, कारण बग्ग्या बनवणाऱ्या या गावच्या कारखान्याने १९१० च्या सुमारापासून १९१६ पर्यंत मोटारीही काढल्या. पण भिंगातून नाव वाचता येईना, तेव्हा नोंदीत फक्त 'मोटार' लिहिलं.

खोक्यात काय नव्हतं हेही लिहून ठेवलंय. बँक, चर्च, बँड, मिरवणूक, पदवीदान यांचे ढीगभर फोटो, पण गावात हातमोज्यांचा कारखाना वर्षानुवर्षं चालला त्यातल्या बायकांचा एकही नाही. १९१४ मध्ये याच गावात जन्मलेल्या आणि १९३७ मध्ये ग्रिनेल कॉलेजमधून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, इडिथ रेनफ्रो स्मिथ, यांच्या नावाची इमारत आता बाजारपेठेलगत दिमाखात उभी आहे. त्यांच्या लहानपणीच्या गावातलं एकही कृष्णवर्णीय कुटुंब या खोक्यात नाही. कॅमेरा कुणाच्या घरी होता यावर संग्रह ठरतो, आणि लायब्ररीने 'या गावाचा इतिहास' अशी पाटी लावण्याआधी एवढं तरी खाली लिहावं, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी लिहिलं.

हक्कांचं प्रकरण मला रुक्ष वाटतं, म्हणून थोडक्यात. १९३० पूर्वी प्रसिद्ध झालेली पोस्टकार्डं खुशाल लावावीत. घरगुती, कधीच न छापलेल्या फोटोंचा हिशोब वेगळा, फोटोग्राफर अज्ञात असेल तर काढल्यापासून १२० वर्षं. तिथे देणाऱ्यांची लेखी संमती घेऊन ठेवली, आणि फोटोग्राफर घरचाच नसेल तर तेवढ्याने भागत नाही म्हणून तशी टीपही जोडली.

नोंदी साइटवर गेल्या आणि त्या कुटुंबातल्या आजींचा लायब्ररीत फोन आला. १९१० हे त्यांच्या वडिलांच्या हातचं अक्षर, ते चूक कसं म्हणता? बाईंनी शांतपणे ऐकलं आणि मला नोंद उघडायला सांगितली. त्यात दोन रकाने आहेत: 'मागील मजकूर', तिथे '१९१०' जसंच्या तसं, आणि 'काळ', तिथे १९१५–१८, कारणासकट. आजींना वाचून दाखवलं. बँकेचं कारण त्यांना पटलं, कारण त्या बँकेत त्यांचं स्वतःचं खातं होतं. मग म्हणाल्या, तळघरात आणखी एक खोकं आहे, शनिवारी नातू आणून देईल, पण त्यातला ओला झालेला गठ्ठा सोडवताना मीही बसणार.