चौतिसावा बाइट

मागच्या महिन्यात पहाटे पावणेतीनला मी नवी मुंबईतल्या डेटा सेंटरातल्या एका पोराला धडधाकट मॉड्यूल उपटायला लावलं. त्याची ही कबुली.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात बसून रात्रपाळी करतो. यंत्रं तिकडे डेटा सेंटरात, मी इकडे लॅपटॉप आणि भडंगाचा डबा घेऊन. स्विचमध्ये, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीत, खोचलेल्या ऑप्टिकल मॉड्यूलांवर नजर ठेवायची, हे काम. बोटाएवढी वस्तू, पण आत लेझर असतात आणि एक छोटी मेमरीही. स्विच दोन तारांवरून ती मेमरी वाचतो : बनवणारी कंपनी, सिरियल नंबर, तापमान, किती प्रकाश जातोय, किती येतोय. साध्या तांब्याच्या केबलीच्या टोकातही अशी चिप असते. लेबलावर ३ मीटर आणि चिपमध्ये २, असं मी स्वतः पाहिलंय. लेबल चिकटवणाराही रात्रपाळीचाच असणार.

तर त्या रात्री ४०० जीचे, म्हणजे एका पोर्टातून सेकंदाला ४०० गिगाबिट नेणारे, नवे स्विच सुरू झाले आणि माझ्या स्क्रिप्टने बोंब ठोकली. सोळाच्या सोळा पोर्टांवर येणारा प्रकाश उणे ४० डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप). म्हणजे मिट्ट काळोख. एकदम सोळा मॉड्यूलं मरतात कशी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मी त्या पोराला फोन लावला, "पहिल्या पोर्टचं बदल." त्याने बदललं. तरी उणे ४०. मग तो दबकत म्हणाला, "सर, लाइट हिरवाच होता. ट्रॅफिकपण चालू होतं."

घाम फुटला.

स्क्रिप्ट माझीच, १०० जीच्या जमान्यातली. तिथे एसएफएफ-८६३६ नावाचं मानक चालतं आणि पहिल्या लेनच्या (मॉड्यूलमधल्या पहिल्या वाटेच्या) येणाऱ्या प्रकाशाचा आकडा मेमरीतल्या ३४ आणि ३५ नंबरच्या बाइटांत, म्हणजे खणांत, असतो. ४०० जीची क्यूएसएफपी-डीडी मॉड्यूलं मात्र सीएमआयएस पाळतात, म्हणजे कॉमन मॅनेजमेंट इंटरफेस स्पेसिफिकेशन. क्यूएसएफपी-डीडीवाल्या कंपन्यांच्या गटाने ते वाढवलं, आता ओआयएफ ही संस्था सांभाळते, ५.२ आवृत्ती २०२२ ची. त्यात ३४-३५ वर अलार्म दाबून ठेवायचे मास्क असतात. तिथे शून्य होतं, आणि शून्याला माझी स्क्रिप्ट उणे ४० म्हणते. खरा आकडा हवा तर आधी १२७ व्या बाइटात हेक्समधलं (सोळाच्या पटीत मोजलेलं) ११ लिहून मेमरीचं ते पान उघडायचं, मग १८६ आणि १८७ वाचायचे. तापमानसुद्धा हललंय : जुन्यात २२ वर, नव्यात १४ वर.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सकाळी चहा घेताना त्यांना हे सांगितलं. म्हणाले, "दुसऱ्या दुकानाची खतावणी आपल्या रकान्यांनी वाचलीस होय? वरचं नाव तरी बघायचंस." मॉड्यूलच्या जातीचं नाव असतंच की! शून्याव्या बाइटात. तिथे हेक्समध्ये ११ असेल तर क्यूएसएफपी२८, १८ असेल तर क्यूएसएफपी-डीडी, १९ असेल तर ओएसएफपी. मी ते कधी वाचलंच नव्हतं, कारण इतकी वर्षं माझ्याकडे एकाच जातीची मॉड्यूलं होती. ईथटूल हे तयार सॉफ्टवेअर बापडं आधी तेच बघतं. ते वापरायचं सोडून मला स्वतःची स्क्रिप्ट लिहायची हौस.

त्या पोराला मात्र रात्री फोनवरच सांगितलं होतं, "जुनंच परत लाव. आणि फायबरचं टोक आधी पूस रे, काढलंयस तर."

त्याने पुसून लावलं. मॉड्यूल एकदम पेटत नाही. कमी विजेच्या अवस्थेत उठतं, स्विच सांगेल तेव्हा पुढे सरकतं. मग हाताने ११ वं पान उघडून १८६-१८७ वाचले : ७५८६. एकक ०.१ मायक्रोवॅट, म्हणजे साधारण उणे १.२ डीबीएम. उत्तम. तिकिटात, म्हणजे बिघाडाच्या नोंदीत, कारण काय लिहायचं, यावर मात्र साडेचार वाजेपर्यंत घोळ घातला.