‘६६ जीटीओ : तीन कार्ब्युरेटर उतरवले, आता जाहिरात

गाडी विकायला काढतेय. मागच्या नोंदीत क्रोमचे बंपर लागून गाडी रस्त्यावर आली, तेव्हाच तुमच्यापैकी काहींनी ओळखलं होतं. कारण साधं आहे. गॅरेज दोन गाड्यांचं, मिशिगनचा हिवाळा लांबलचक, आणि ही आत उभी असल्यामुळे नवरा दर सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत ऑफिसला जातो. तो बिचारा काही बोलत नाही, पण खरवडण्याचा आवाज दरवर्षी वाढतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: १९६६ची पॉन्टियाक जीटीओ, दोन दारांची हार्डटॉप, मरीना टर्कॉइज रंग, चार गिअर, ३८९ घनइंचांचं व्ही-८ म्हणजे जवळपास ६.४ लिटर. १९६४ साली पॉन्टियाकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि मंडळींनी, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको या जनरल मोटर्सच्या नियमाला, मोठं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊन पळवाट कशी काढली, ते इथे सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा उगाळत नाही.

आता मुद्द्याचं. ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा बॉनेटखाली तीन कार्ब्युरेटर होते. रॉचेस्टर कंपनीचे तीन, एका रांगेत, म्हणजे ट्राय-पॉवर. बघणारा त्यावरच भाळतो. एरवी फक्त मधला चालतो, पाय खोल गेला की पुढचा आणि मागचा उघडतात, आणि इंजिनाचा सूरच बदलतो. १९६६ हे ट्राय-पॉवरचं शेवटचं वर्ष. १९६७पासून जनरल मोटर्सने कॉर्व्हेटसारखे अपवाद सोडून एकाहून जास्त कार्ब्युरेटर बंद केले. त्यामुळे ‘शेवटच्या वर्षाची ट्राय-पॉवर’ असं जाहिरातीत लिहिलं की फोन वाजायला लागतात.

पण ही ती गाडी नव्हे.

हे कळतं कुठून, ते जरा सविस्तर लिहिते, कारण विकत घेणाऱ्यालाही हेच तपासावं लागतं. १९६४ आणि ६५ला जीटीओ हे ल मॉन्स या पॉन्टियाकच्याच मॉडेलवरचं ऑप्शन होतं, त्यामुळे चॅसी नंबरवरून खरी-खोटी ओळखता येत नाही. बिल्ले लावून जीटीओ ‘बनवलेल्या’ गाड्या त्यातूनच निघतात. १९६६ला तिला स्वतंत्र मालिका मिळाली. नंबर २४२ने सुरू झाला तर जीटीओ, पुढचे १७ म्हणजे हार्डटॉप, मग ६ हे वर्ष, मग कारखान्याचं अक्षर. माझ्या गाडीला ‘पी’ आहे, म्हणजे ती पॉन्टियाक शहरातच बनली. ही पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असते. पट्टी बसवलेली जागा कुणी छेडलेली नाही ना, तेही बघायचं. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, फिशर बॉडीची (जनरल मोटर्सची बॉडी बनवणारी शाखा) दुसरी पट्टी असते. तिच्यावर माझ्या गाडीला ०२बी आहे, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.

इंजिनाची गंमत वेगळी. १९६८च्या आधीच्या पॉन्टियाक इंजिनावर गाडीचा नंबर ठोकलेलाच नसतो. पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या अंगाला, हेडच्या खाली ब्लॉकवर दोन गोष्टी असतात: इंजिनाचा स्वतःचा अनुक्रमांक आणि दोन अक्षरांचा कोड. तिथला रंग थिनरने पुसला, टॉर्च तिरका धरला आणि अक्षरं वर आली: डब्ल्यूटी. मॅन्युअल गिअर, चार तोंडांचा एकच कार्ब्युरेटर, ३३५ हॉर्सपॉवर. ट्राय-पॉवर मॅन्युअल असती तर डब्ल्यूएस हवं होतं, ३६० हॉर्सपॉवरवालं. (हे दोन्ही आकडे जुन्या पद्धतीचे, ग्रॉस. स्टँडवर सडं इंजिन चालवून मोजलेले. आजच्या गाडीच्या आकड्याशी लावून बघू नका.) डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख आहे, ए२१६, म्हणजे २१ जानेवारी १९६६. जानेवारीत ब्लॉक ओतला, फेब्रुवारीत गाडी बनली. जुळतंय.

तरी जुळणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे. त्यासाठी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कंपनीच्या मूळ नोंदीची नक्कल मागवली. आपल्याकडे जमिनीला सातबारा, तसा इकडे पॉन्टियाकला हा कागद. त्यावर इंजिनाचा अनुक्रमांक आहे, आणि तो ब्लॉकवरच्या आकड्याशी बरोब्बर जुळतो. म्हणजे इंजिन जन्मापासूनचं. पण ट्राय-पॉवरचा उल्लेख नाही. वर, उतरवताना लक्षात आलं की मधला कार्ब्युरेटर लहान तोंडाचा आहे. १९६६च्या ट्राय-पॉवरला मधला मोठा होता आणि मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटर ज्यावर बसतात तो भाग) त्या एकाच वर्षाचं. माझ्याकडचा संच त्याच्या आधीचा. कुणीतरी कधीतरी हौसेने बसवलेला, आणि छान बसवलेला.

यात चोरी-लबाडी काही नाही. १९६६मध्ये ९६,९४६ जीटीओ विकल्या गेल्या, त्यातल्या ट्राय-पॉवर १९,०४५. पाचातली एक. आणि आज कुठल्याही मेळाव्यात जा, निम्म्या बॉनेटांखाली तीन कार्ब्युरेटर दिसतील! हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त विकताना कुणी मोठ्याने बोलत नाही.

मध्यंतरी एक गृहस्थ बघायला आले होते. बॉनेट उघडलं, तीन कार्ब्युरेटर दिसले, चेहरा खुलला. मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “गाडी फार छान केली आहे तुम्ही. पण आता मला दर वेळी कुणाला तरी हे समजावून सांगावं लागेल.” ते गेल्यावर नवरा म्हणाला, “अगं, तू कागद आधी दाखवलास कशाला?” तर याचं उत्तर असं की तो कागद पुढचा कोणीही मागवू शकतो. पण गृहस्थांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गाडी आणि कागद एकच गोष्ट सांगत असतील तर कुणालाच काही समजावावं लागत नाही. म्हणून ठरवलं: तीन उतरवायचे, मूळ गाडीला असायचा तसा चार तोंडांचा एकच कार्टर कार्ब्युरेटर चढवायचा.

मूळ मॅनिफोल्ड आधीच्या मालकाने फेकलं नव्हतं, गाडीबरोबर खोक्यात आलं होतं. कार्टर एएफबी जुन्या पार्टच्या बाजारातून आणला आणि उघडून, धुऊन, नवं किट टाकून तयार केला. गॅस्केट-रबर घेताना इथेनॉल सोसणारंच घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगून चिकट होतं.

काम मजेचं झालं. पॉन्टियाकचं एक बरं आहे: मॅनिफोल्डखाली व्हॅलीचं, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेचं, वेगळं झाकण असतं, त्यामुळे मॅनिफोल्ड काढलं तरी इंजिनाचं पोट उघडं पडत नाही. गोची पुढच्या टोकाला आहे. पाण्याची वाट मॅनिफोल्डमधून टायमिंग कव्हरमध्ये उतरते आणि मध्ये फक्त एक रबरी रिंग. तिथला लांब बोल्ट आधी ओढून घ्यायचा, रिंग दबली की मगच हेडवरचे बोल्ट आवळायचे. उलटं केलंत तर मॅनिफोल्ड जागेवर पक्कं होतं, पुढे सरकत नाही, रिंग दबत नाही आणि कूलंट ठिबकत राहतं. बीडाचं धूड आहे, एकटीने उचलून अलगद टेकवणं जमणार नव्हतं. नवऱ्याला हाक मारली. त्याने दुसरी बाजू धरली आणि विचारलं, “विकली जाणार ना पण?”

मॅनिफोल्डला पॉन्टियाकचा तो फिकट चंदेरी निळा मारला, पेट्रोलची नळी वळवून घेतली, थ्रॉटलचा दांडा बदलला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं नाही, कार्ब्युरेटर भरेपर्यंत स्टार्टर फिरवावा लागला, मग मात्र आयडल असं बसलं की तीन कार्ब्युरेटरवर कधी बसलं नव्हतं. चालवायला? खरं सांगते, गावात कार्टरच बरा. वुडवर्डवर, म्हणजे डेट्रॉइटच्या त्या मोठ्या रस्त्यावर, दर सिग्नलला थांबत जाताना ती आता शहाण्यासारखी चालते. पूर्ण पाय दिल्यावर तो मघाचा सूर नाही, आणि तो मला आठवतो.

बाकीचं उरकते. इंजिन तीस थाऊ बोअर केलंय, म्हणजे सिलिंडर इंचाच्या तीस हजारांशाने रुंद केलेत. मूळ कॉम्प्रेशन १०.७५ होतं, त्या काळच्या शिसंवाल्या प्रीमियम पेट्रोलसाठी. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते नॉकिंग करतं, म्हणून पिस्टन बदलताना साडेनऊच्या आसपास आणलं. ब्रेक चारही चाकांना ड्रमच, डिस्क १९६७पासून मिळायला लागले. मास्टर सिलिंडर मात्र मी दोन खणांचा बसवला. मूळचा एका खणाचा, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. यावर शुद्धतावाद्यांशी वाद घालायची माझी तयारी नाही. उतार, पुढे शाळेची बस आणि जुनी नळी, एवढं डोळ्यांसमोर आणा.

पत्र्याचं सांगायला हवं, कारण गाडी आयुष्यभर मिशिगनमध्ये, रस्त्यावरच्या मिठात. मागच्या चाकांमागचा पत्रा दोन्हीकडे कापून नवा जोडला, डिकीचा तळ नवा, मागच्या काचेखालची पट्टी तुकडा लावून वेल्ड केली. या बॉडीत पाणी तिथूनच शिरतं आणि डिकी कुजते. लांबी (पुट्टी) आहे, पण चुंबक सगळीकडे धरतो. उघड्या पत्र्याचे, रंगाआधीचे फोटो काढून ठेवलेत ते इथे कामी येतील. ताजा रंग तर सगळ्यांचाच चकाकतो.

इंजिनाच्या मागच्या मेन सीलमधून अजून तेलाचा पाझर आहे. दोरीचं सील, रात्रभरात पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. इंजिन परत उतरवणार नाही, जाहिरातीत लिहून टाकणार.

जाहिरात इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा: “१९६६ जीटीओ हार्डटॉप, २४२ नंबर, मूळ डब्ल्यूटी इंजिन, अनुक्रमांक कागदाशी जुळलेला, चार तोंडांचा कार्टर. बोअर तीस थाऊ, कॉम्प्रेशन कमी केलेलं. मागचे पत्रे आणि डिकीचा तळ बदललेला, फोटो आहेत. मास्टर सिलिंडर मूळचा नाही. मागच्या सीलला पाझर. १९६५च्या काळातला ट्राय-पॉवर संच गाडीबरोबर.” किंमत इथे लिहीत नाही, निरोप पाठवा.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा आहे. तोवर विकली गेली नाही तर काचेला पाटी लावून तिथेच उभी करीन. आणि ट्राय-पॉवरचं खोकं वेगळं विकणार का, असं ज्यांनी ज्यांनी विचारलंय त्यांना एकत्रच उत्तर: नाही, ते गाडीबरोबरच जाईल.