शुगर नॉर्मल, तरीही

दहा वर्षं मी रिपोर्टातली एकच ओळ पाहायचो: उपाशीपोटी साखर. शंभरच्या आत असली की कागद ड्रॉवरमध्ये. यंदा अडुसष्टावं लागलं, आकडा ९८. म्हणजे पास.

डॉक्टरांनी मात्र त्या ओळीकडे पाहिलंही नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६ आणि रक्तदाब, या तिन्हींभोवती पेनाने गोल केले. मग टेप काढून कमरेचा घेर मोजला. ९७ सेंटिमीटर! दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात.

"अहो, पण वजन चाळिशीत होतं तेवढंच आहे," मी म्हणालो.

"काटा तेवढंच दाखवतो. मांड्यांतले स्नायू गेले आणि पोटात चरबी आली, हे तो कुठे सांगतो?"

मग उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी. पहिल्या वेळी पहाटे दोन बिस्किटं खाऊन गेलो आणि हात हलवत परत आलो. दुसऱ्यांदा आकडा आला १९. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, हा होमा-आयआर काढायचा हिशेब, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती जुमानत नाही याचा अंदाज. माझा ४.६ निघाला. प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोडी बदलते, पण ४.६ कुठेच चांगला धरत नाहीत.

जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त खेचून घेतात ते स्नायू. ते रोडावले, वर इन्सुलिनला जुमानेनासे झाले, की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. माझा ९८ असा ढकलून ढकलून आणलेला होता. तिकडे यकृत ट्रायग्लिसराइड्स वाढवतं, एचडीएल घटतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. मधुमेहाचं नाव रिपोर्टात येण्याच्या कितीतरी आधीपासून हृदयाच्या धमन्या हे सोसत असतात. गेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी हा मेळ १९८८ मध्येच 'सिंड्रोम एक्स' म्हणून मांडला होता. मी तेव्हा तिशीत होतो आणि एकेका दमात चार मजले चढत होतो.

पुढे मी दोन चुका केल्या. उतावळेपणाने जेवण निम्मं केलं. महिन्यात तीन किलो गेले, पण जिना चढताना पायांत जीव राहीना. म्हाताऱ्याने भराभर वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो, हे तेव्हा कळलं. दुसरी चूक गोळीची. कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन साखर किंचित वाढवू शकतं, असं वाचून आठवडाभर घेतलंच नाही. डॉक्टरांची चांगलीच बोलणी खाल्ली. माझ्यासारख्याला हृदयासाठी होणारा फायदा त्या किंचितपेक्षा बराच मोठा, असं त्यांनी बजावलं.

मग प्रथिनं वाढवली, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं धरलं, आणि आठवड्यातून तीनदा रबरी पट्ट्यांचा व्यायाम. पट्ट्या मला अजूनही बालिश वाटतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं मात्र आवडलं, कारण त्यात आकडा मोजता येतो. सुरुवातीला तीस सेकंदांत ९ वेळा, आता १४.

सात महिन्यांनी साखर ९४, इन्सुलिन ११. होमा-आयआर साधारण २.५. घेर ९३, तो हटवादी आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. त्या दिवशी बिस्किटांचा डबा आदल्या रात्रीच सुनेच्या ताब्यात द्यायचा ठरलाय.