ह्यांच्या डोळ्यांच्या मापाची दुर्बीण

ऐरोली, वसुबारस

या महिन्याची भिशी मला लागली आणि त्या पैशांतून पाडव्याला ह्यांना एक चांगली दुर्बीण घ्यायची, हे मी आज मनाशी पक्के केले. विचार बरेच दिवस डोक्यात घोळत होता. परंतु कोणती दुर्बीण, कोणत्या मापाची आणि नेमकी कशासाठी, याची उत्तरे हाती आल्याखेरीज ठरवले असे म्हणवत नव्हते. ती आता बरीचशी आली आहेत. माझ्या आठवणीसाठी, आणि याच प्रश्नाशी अडलेल्या एखाद्या मैत्रिणीला उपयोग व्हावा म्हणूनही, सविस्तर लिहून ठेवते.

पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे आणि नवऱ्याने तबकात ओवाळणी घालायची, ही आपली रीत. नवऱ्याला जे मिळायचे ते सासुरवाडीकडून: पहिल्या दिवाळसणाला अंगठी किंवा कपडे, अधिक महिन्यात तेहतीस अनारशांचे वाण. बायकोने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या कमाईतून नवऱ्यासाठी काही निवडावे, असा प्रसंग आपल्या सणवारांत मला तरी सापडत नाही. रीत बदलावी असे माझे म्हणणे नाही. ह्यांची ओवाळणी मी आनंदानेच घेते. पण घरातल्या ज्या माणसासाठी कुणी फारसे काही निवडत नाही, त्याला काय आवडते हे विचारण्याची सवयही हळूहळू मोडते, आणि हे मला अलीकडे फार जाणवू लागले आहे.

दिवाळीची खरेदी म्हणून ठाण्याला गेले होते, तेव्हा राम मारुती रोडवर आणि गोखले रोडवर पुरुषांसाठी काय मिळते ते मुद्दाम पाहिले. शर्टपीस, पाकीट आणि पट्ट्याचा जोड, अत्तर, घड्याळ. वस्तू वाईट नव्हत्या, पण त्यांतली प्रत्येक कुणाच्याही नवऱ्याला चालली असती. लेकीने स्मार्टवॉच सुचवले. ते पावले मोजते, नाडीचे ठोके दाखवते, वेळेवर झोपायला सांगते. त्यामागे तिची वडिलांविषयीची काळजी आहे हे मला कळते. तरीही माणसाने स्वतःकडे नीट लक्ष द्यावे अशी आठवण करून देणारी वस्तू वाढदिवसाला नाहीतर एरवी द्यावी. सणाच्या दिवशी त्याच्या आनंदाची वस्तू द्यावी, असे माझे मत आहे.

ह्यांचा आनंद खाडीवर आहे. ऐरोलीत राहायला आलो तेव्हा खाडी म्हणजे पुलावरून जाताना नाकाला येणारा वास, एवढीच आमची ओळख होती. पुढे २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला (नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी), आणि वनखात्याच्या ऐरोलीच्या केंद्रातून होडीने रोहित पाहायला जाता येऊ लागले. तेव्हापासून दिवाळी उलटली की ह्यांचा हंगाम सुरू होतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. भरती-ओहोटीच्या वेळा एका दोनशे पानी वहीत लिहिलेल्या असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित त्यावर पांगून चरतात आणि भरतीचे पाणी चढले की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे येतात, त्यामुळे कोणत्या दिवशी किती वाजता कुठे उभे राहायचे हे ती वही सांगते. थव्यातले पक्षी मोजताना हे आधी दहा पक्ष्यांचा एक पुंजका डोळ्यांत धरतात आणि मग तसे पुंजके मोजत जातात. ते करताना ओठ किंचित हलत असतात, आणि त्या वेळी ह्यांच्याशी बोलायचे नसते हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

सध्या ह्यांच्याकडे जी दुर्बीण आहे ती एका सहकाऱ्याने नोकरी सोडून जाताना दिलेली, १०×५० मापाची, जवळपास किलोभर वजनाची. डाव्या डोळ्याकडचे रबर केव्हाच निखळले आहे. गेल्या हंगामात होडीत शेजारी बसून मी ह्यांना नीट पाहिले. पक्षी दिसला की हे आधी चष्मा कपाळावर चढवतात, मग दुर्बीण डोळ्यांना लावतात, मधले चाक फिरवतात, तोवर पक्षी हललेला असतो. मग दुर्बीण खाली, चष्मा पुन्हा नाकावर, नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याचा नवा ठावठिकाणा शोधायचा आणि सगळे पहिल्यापासून. उतरताना कपाळावर चष्म्याचे दोन लालसर वण होते. त्याबद्दल हे एका शब्दाने तक्रार करत नाहीत, आणि शेजारी एखादे लहान मूल असेल तर दुर्बीण बराच वेळ त्याच्याच हातात असते.

मी शाळेत विज्ञान शिकवते, दहावीला भिंगांचा धडा माझ्याकडेच असतो. तरी दुर्बिणीवरचे आकडे मी प्रथमच इतक्या बारकाईने समजून घेतले. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, असे दुकानात सर्रास सांगितले जाते आणि ते खरे नाही. दहा पट मोठे दिसते तेव्हा हाताची थरथरही दहा पट होते आणि नजरेत मावणारा टापू साधारणपणे अरुंद होतो. होडी डुलत असताना तर आठ पटच बरी. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर येते, १०×४२ मध्ये ४.२. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने हा फरक कळत नाही, पण ह्यांची वेळ पहाटेची असते, तेव्हा बाहुली मोठी झालेली असते आणि रुंद झोत कामी येतो. तरुण डोळ्याची बाहुली काळोखात सुमारे सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते, पन्नाशीनंतर तेवढी होत नाही; म्हणून त्याहून रुंद झोतासाठी आणखी जड दुर्बीण गळ्यात वागवण्यात अर्थ नाही. ८×४२ ची वजने साधारण सहाशे ते सातशे ग्रॅमच्या आसपास असतात. ह्यांच्या मानेचा विचार करता हा आकडाही मला बाकीच्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खरी मेख मात्र चष्म्यात आहे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बिणीचे चाक फिरवले की चित्र स्पष्ट होते, कारण चाकाने तेवढीच दुरुस्ती करता येते. ह्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे डोळ्याची वक्रता सर्व दिशांनी सारखी नाही, आणि तो दोष चाक कितीही फिरवले तरी जात नाही. कपाळावर चष्मा ठेवून हे इतकी वर्षे जे पाहत आले, ते थोडे पुसटच असणार. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि टोकाशी काळी, लहान रोहिताची बरीच गडद. दूरच्या थव्यात हा फरक ओळखता आला नाही की ह्यांच्या वहीत प्रश्नचिन्ह पडते. अशी प्रश्नचिन्हे पानोपानी आहेत. चष्मा न काढता संपूर्ण चित्र दिसायचे तर डोळा भिंगापासून थोडा दूर असूनही चालले पाहिजे. हे अंतर दुर्बिणीच्या माहितीपत्रकात दिलेले असते आणि चष्मा लावणाऱ्यांसाठी ते पंधरा मिलिमीटरहून कमी नसावे, सोळा-सतरा असले तर उत्तम. डोळ्यांकडची कडी फिरवून आत बसवता यावी आणि तिच्यावर रबर असावे, म्हणजे चष्म्याच्या काचेवर चरे पडत नाहीत. जाहिरातींत या अंतराचा उल्लेख शोधावा लागतो, आणि पटीचा आकडा मात्र खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

पावसाळ्याचेही पाहिले पाहिजे. आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा आतल्या बाजूने जाळे पसरले की दुरुस्तीचा खर्च दुर्बिणीच्या किमतीशी स्पर्धा करतो. आत नायट्रोजन भरून बंद केलेली असेल तर आतून वाफ धरत नाही. तरी जून ते सप्टेंबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. तसा डबा मी आधीच काढून ठेवला आहे. येऊरला फुलपाखरेही पाहायची असतात, म्हणून दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसेल अशी मिळाली तर घ्यावी, पण त्यासाठी अडून बसणार नाही.

राहिला प्रश्न गुपिताचा. पाडव्याच्या सकाळी औक्षण झाल्यावर रंगीत कागदातले खोके पुढे करावे आणि ह्यांचा चेहरा पाहावा, ही इच्छा मलाही आहे. लेक तर त्याच बाजूची. आधी सांगितले तर मजा काय, असे तिचे म्हणणे. पण दोन डोळ्यांमधले अंतर, चष्म्याची जाडी, बोटांना चाक कुठे सापडते, हे सगळे दुसऱ्या कुणाच्या तोंडावर मोजून पाहता येत नाही. अचानक दिलेल्या भेटीचा पहिला आनंद देणाऱ्याचा असतो आणि तो दोन मिनिटांत संपतो. दुर्बीण पुढची पंधरा-वीस वर्षे वापरायची आहे. शिवाय हे भिडस्त आहेत. मी आणलेली वस्तू ह्यांच्या डोळ्यांना जमली नाही तरी हे ‘छान आहे’ म्हणतील आणि पुन्हा चष्मा कपाळावर चढवतील, हे मला लख्ख दिसते. म्हणून गुपित अर्धेच ठेवायचे ठरवले आहे. पाडव्याला ताम्हणाशेजारी एक पाकीट ठेवीन, आणि भाऊबीज होऊन पाहुणे गेले की पुढच्या शनिवारी आम्ही दोघे फोर्टमधल्या दुकानात जाऊन दोन-तीन दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवून पाहू. चष्मा लावूनच पाहायचे, चित्राच्या कडेला काळी सावली येते का ते बघायचे, आणि दुकानाच्या आतल्या उजेडावर विसंबून न राहता दाराशी येऊन रस्त्यापलीकडच्या पाटीची अक्षरे वाचायची. भाव मी विचारीन. ह्यांच्या कानावर तो पडला तर हे सर्वांत स्वस्त दुर्बीण उचलतील. पट्टाही गळ्यात रुतणारा नको, दोन्ही खांद्यांवरून येणारा घेऊ.

पाकिटातल्या चिठ्ठीत फार काही लिहिणार नाही. शनिवारी सकाळी दुसरे काम ठेवू नका, नवा चष्मा लावा आणि वही बरोबर घ्या, एवढे पुरे.