सासऱ्यांचं करायची इच्छा आहे का, असं इथला कायदा विचारतो

इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टमधलं एक कलम आपल्या माणसाला खटकतंच. घरातल्या आजारी माणसाचं जी व्यक्ती करते, तिला कौन्सिलकडून (इथली नगरपालिका) स्वतःसाठी वेगळी पाहणी मागण्याचा हक्क आहे. त्या पाहणीत दोन गोष्टी बघाव्याच लागतात: हे तिला झेपतंय का, पुढेही झेपेल का, आणि हे करायची तिची इच्छा आहे का. आपल्याकडे सुनेला हा प्रश्न कुणी विचारला तर घरात आठवडाभर अबोला होईल.

मला मात्र तो फार मोलाचा वाटतो, विशेषतः ज्या घरात 'हृदयाचं पंपिंग कमी झालंय' हे वाक्य येऊन ठाण मांडून बसलंय तिथे. हार्ट फेल्युअर महिनाभर शांत असतं आणि मग दोन दिवसांत दम लागून थेट ॲडमिट. करणाऱ्याला काम जेवढं दमवत नाही तेवढा पहारा दमवतो. रात्री शेजारी श्वास ऐकत पडायचं, सकाळी पाय बघायचे, आणि डॉक्टरांना फोन करावा की आपणच घाबरतोय, हे रोज एकटीने ठरवायचं. हा ताण 'स्वतःकडेही लक्ष द्या' असं सांगून उतरत नाही. ठरवण्याचं ओझं डोक्यातून कागदावर आलं की उतरतो.

इथल्या हार्ट फेल्युअर नर्सेस नेमकं हेच करतात. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रकाने असलेला एक कागद घरी देतात. तो फ्रिजवर लावायचा. तो इंग्लंडचाच हवा असं काही नाही, पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या कार्डिओलॉजिस्टकडूनही एका भेटीत भरून घेता येतो.

त्याचा कणा म्हणजे वजन. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही, नाहीतर आकडा हलतो. साठलेलं एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पायाला सूज दिसायच्या आधी काटा बोलतो. आजची तुलना फक्त कालशी करू नका, तीन दिवसांपूर्वीच्या आकड्याशीही करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की पिवळा रकाना: त्याच दिवशी फोन. नडगीवर बोट दाबून उचलल्यावर खळगा राहणं, एकाऐवजी तीन उशा लागणं, झोपेतून धाप लागून उठून बसणं, हेही पिवळ्यातच. बसल्या जागी दम, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं हे लाल, तिथे चर्चा नाही, १०८.

एक गोष्ट बऱ्याच घरांत निसटते. भूक मंदावली की अंगातलं मांस घटतं आणि तेवढंच पाणी साठतं. काटा स्थिर, घरचे निश्चिंत, आणि आत सूज वाढत असते. म्हणून 'सूज नसतानाचं वजन' हा आकडा दर भेटीत डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या.

त्याच भेटीत आणखी दोन उत्तरं कागदावर हवीत. वजन वाढलं तर पाण्याची गोळी (लघवीवाटे पाणी काढणारी) घरच्या घरी वाढवायची का, किती आणि किती दिवस? आणि उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या? शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना पाण्याची गोळी आणि रामिप्रिलसारखं हृदयाचं-रक्तदाबाचं औषध चालूच राहिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, त्याने मीठ आणि पाणी अंगात धरून राहतं.

झोपेचं बोलायलाच हवं. पाण्याच्या गोळीचा दुसरा डोस संध्याकाळी सातला असेल तर रात्री चारदा उठणं आलं, आणि उठतात दोघं. डॉक्टरांना विचारून तो दुपारी दोनला आणला की बऱ्याच घरांत दोघांनाही झोप मिळते.

स्वयंपाकघरात दोन वेगळ्या भाज्या करत बसू नका. सगळ्यांचंच मीठ कमी करा आणि हवं त्याने वरून घ्यावं. दिवसाचं मीठ सगळं मिळून एका चमच्याच्या आत, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. लोणचं, पापड, शेव, खारी आधी बंद. सैंधवही मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन (हीसुद्धा पाण्याचीच एक गोळी) किंवा रामिप्रिल चालू असेल तर ते धोक्याचं आहे. पाण्याला मर्यादा सांगितली असेल, समजा दीड लिटर, तर सकाळी तेवढी बाटली भरून ठेवा आणि चहा, ताक, आमटी दिली की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. दिवसभर 'किती प्यायलात' ही वादावादी उरत नाही.

आता इथल्या कौतुकाला आवर घालते. कौन्सिलची पाहणी मागितली तरी वाट बघावी लागते. आठवड्याला ३५ तास करणाऱ्याला मिळणारा भत्ता आठवड्याला शंभर पौंडांच्याही आत आहे. एप्रिल २०२४ पासून नोकरदारांना यासाठी वर्षाला एक आठवडा रजा मिळते, तीही बिनपगारी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना ॲडमिट करावं लागलं तर बिल आपल्याला येतं. आणि आपल्याकडे संध्याकाळी कार्डिओलॉजिस्ट भेटतो, इथे हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचणीचा आकडा बराच वर असला तरच दोन आठवड्यांत तपासणी, मधला असेल तर सहा. शेजारच्या काकूंचा डबा तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. तरीही रीच-एचएफ नावाचा, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने घरी करायचा बारा आठवड्यांचा इथला व्यायामक्रम बघा: त्यात घरच्यांसाठी वेगळी पुस्तिका आहे. आपल्या डिस्चार्ज कार्डावर सुनेसाठी एक ओळही नसते.

परदेशात राहणाऱ्यांवर 'पैसे पाठवले की सुटले' हा शिक्का सहज बसतो. तो मला मान्य नाही, पण रोज फोन करून 'आज जेवणात काय होतं' असं वहिनीला विचारणं ही मदत नव्हे, ती आणखी एक हजेरी. लांबून उचलण्यासारखी कामं बरीच आहेत. भारतातलं सकाळचं वजन ग्रुपवर पडतं तेव्हा इथे मध्यरात्र असते, उठल्यावर तीन दिवसांचं गणित आपण करायचं. संपत आलेल्या गोळ्यांची यादी आपण ठेवायची, मेडिकलवाल्याला ऑर्डर आपण द्यायची, विम्याचे कागद आपण भरायचे. आणि आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी ब्युरोतून मावशी लावून त्याचा खर्च उचलायचा. पहिल्या रात्री घरच्यांपैकी कुणीतरी मावशींसोबत जागं राहावं: पाठीला उशा कशा रचायच्या, फ्रिजवरचा कागद कसा वाचायचा आणि पिवळ्यात कुणाला उठवायचं, हे प्रत्यक्ष दाखवून. नाहीतर मावशी खोलीत आणि वहिनी दाराबाहेर जागी, असे पैसे वाया जातात.